पैसा किती होता यापेक्षा कधी येणार होता?

‘गरिबीत वाढलेली पोरं मनाने मोठी असतात’ आणि ‘ज्याने कधी पाहिलं नाही तो चिकटच निघणार’ ही दोन्ही मतं आपल्याकडे एकाच पंगतीत ऐकू येतात. माझ्या मते हात सढळ की आखडता, हे घरातल्या पैशाच्या आकड्यापेक्षा त्याच्या भरवशावर जास्त ठरतं.

कोपरखैरणेतली शेजारची दोन घरं धरा. एकात बाप वाशीच्या मार्केटात माथाडी, माथाडी मंडळात नोंद असलेला. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि तिथून ती कामगाराला मिळते. दुसऱ्यात बाप सकाळी नाक्यावर उभा. पावसाळ्यात आठवडाच्या आठवडा हात हलवत परत. चणचण दोन्हीकडे. पण पहिल्या घरात ‘पगार झाला की दप्तर घेऊ’ म्हटलं की दप्तर येतं. दुसऱ्या घरात ‘पुढच्या महिन्यात’ म्हणजे ‘नाही’, हे पोराला शाळेत जायच्या आधीच कळलेलं असतं.

अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाच्या २०१३च्या प्रयोगात लहान मुलांना सांगितलं होतं, समोरची मिठाई न खाता थांबलात तर दुसरीही मिळेल. मोठ्या माणसाने आधी शब्द मोडला होता ती मुलं दुसऱ्या मिठाईसाठी सरासरी तीन मिनिटं थांबली. शब्द पाळला होता ती बारा मिनिटं. प्रयोग धीराचा होता, दानाचा नव्हे, हे खरं. पण उद्याचे पैसे येतील याची खात्री नसलेल्याला आजचे पाचशेही सोडवत नाहीत.

त्याच नाक्यावरच्या बापाच्या घरातलं दुसरं पोर मात्र ऐरोलीत पहिला पगार झाला की कुणालाच नाही म्हणत नाही. काकांनी भरलेली फी, शेजारच्या काकूंनी दिलेला डबा, सगळं मनात टिपलेलं. लोक त्याला दिलदार म्हणतात; मला त्यात फेडच जास्त दिसते. तीन तारखेला वाटप, वीस तारखेला स्वतःच उसनवारी, असं दर महिन्याला होत असेल तर ती फेडच समजावी.

आखडणारा आणि वाटणारा, दोघांनाही उपाय एकच. आधी तीन महिन्यांचा घरखर्च साठवायचा, तोवर देणं छोटं ठेवायचं. हातात ३०,००० येत असतील तर तीन टक्के, म्हणजे ९०० रुपये, पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायचे. जे द्यायचं ते तिथूनच. आखडणाऱ्याला ते पैसे गेलेलेच वाटतात, म्हणून देताना जीव कमी तुटतो. आणि वाटणाऱ्याला ‘या महिन्याचे संपले’ हे खरं उत्तर मिळतं.

उसने देताना ते बुडाले असं धरूनच द्या. पतपेढीच्या कर्जाला जामीन राहणं मात्र ह्या हिशेबात बसत नाही. करारात वेगळं लिहिलं नसेल तर कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि हप्ते थकले की वसुली थेट त्याच्या पगारापर्यंत पोचू शकते. मावसभाऊ फॉर्म घेऊन दारात आला, आई ‘घरचाच आहे, कर सही’ म्हणाली, तरी आधी कर्ज किती, हप्ता किती आणि दुसरा जामीनदार कोण, हे विचारा.