'विंडोज १० बंद झालं' म्हणणाऱ्या मेसेजचं काय करायचं

नाशिकच्या ग्रुपांमधून फिरत फिरत तो मेसेज अखेर सिडकोतल्या आमच्या काकांपर्यंत पोचला. म्हणे विंडोज १० बंद झालं, कॉम्प्युटर कधीही चालू व्हायचा थांबेल. त्यावर नेट बँकिंग केलंत तर खातं रिकामं. स्वतः अपग्रेड केलंत तर फोटो-फायली गायब. जुना पीसी भंगारात. आणि तळाला मोबाईल नंबर: '४९९ रुपयांत लाइफटाइम विंडोज ११, घरबसल्या.' काकांनी नंबर सेव्हसुद्धा केला होता.

तळापासूनच सुरुवात करू, खरी मेख तिथेच आहे. तुमचं विंडोज १० अस्सल असेल आणि मशीन पात्र असेल, तर विंडोज ११ फुकट मिळतं. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की तिथेच दिसतं. मग हे ४९९ कशाचे? 'घरबसल्या' म्हणजे तो माणूस तुम्हाला एनीडेस्कसारखं अ‍ॅप टाकायला लावणार, स्क्रीनवरचा आकडा विचारणार आणि पुढे तुमचा माऊस तोच फिरवणार. काकांच्या डेस्कटॉपवर 'पासवर्ड' नावाचीच एक्सेल फाइल आहे, पेन्शनच्या खात्यासकट! वर क्रॅक, म्हणजे चोरीचं विंडोज चालवणारा जुगाड, टाकायचा म्हटलं की पहिली सूचना असते, 'अँटिव्हायरस बंद करा'. म्हणजे चोरासाठी आपणच कडी काढून ठेवायची. कुणी फसलंच असेल, तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

कॉम्प्युटर चालूच होणार नाही? साफ खोटं. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सपोर्ट पानावर स्वच्छ लिहिलंय की विंडोज १० चे पीसी चालत राहतील. १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले ते सुरक्षा अपडेट आणि तांत्रिक मदत.

आता हे अपडेट थांबणं मात्र किरकोळ नाही, तेवढं मान्य करावं लागेल. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, तेव्हा ती फट बुजवणारा अपडेट, म्हणजे पॅच, मार्चमध्येच आलेला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता ते सापडले. म्हणून खातं आपोआप रिकामं होत नसलं, तरी अपडेटविना वर्षानुवर्षं बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही. त्यावर सोय आहे. वाढीव सुरक्षा अपडेट, म्हणजे ईएसयू, घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती हवी. मायक्रोसॉफ्ट खात्यानं साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला की पैसेही पडत नाहीत.

फायली जातात हेही खोटंच. विंडोज अपडेटमधून नेहमीच्या पद्धतीनं अपग्रेड केलं तर फायली जागेवर राहतात, आणि नाहीच पटलं तर १० दिवसांत मागे फिरता येतं. तरी फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवर आधी घ्याच.

राहिलं भंगार. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. टीपीएम नाही असं दिसलं तरी घाई नको. बऱ्याच मशीनमध्ये ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, बंद असतं. काकांचा आय-३ सहाव्या पिढीचा, तो बसत नाही. त्यांना ईएसयूला नोंदवलंय. मुदत संपली की विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची की नवा घ्यायचा ते बघू, वीजबिल आणि फोटोंपुरता वापर आहे. आणि ज्यांचं मशीन पात्र आहे पण ४ जीबी रॅम नि जुनी हार्ड डिस्क आहे, त्यांनी आधी एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाकावी, रॅम वाढवावी. नाहीतर विंडोज ११ बसेल, पण रडत चालेल.