पट्टी असली तरी कर्कटक हवेच

पालकांमध्ये, आणि काही शिक्षकांमध्येही, एक मत मोठ्या खात्रीने पुढे पाठवले जाते. दोन रेषाखंड समान आहेत का हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, पट्टी पुरेशी बारीक असली की कोणतीही लांबी नेमकी मोजता येते आणि ढोबळ फरक तर नजरेलाच कळतो. तेव्हा कंपासपेटीतून कर्कटक, म्हणजे दोन टोकदार पायांचा ‘डिव्हायडर’, गाळून टाकावे, असे ते मत आहे. त्यातले एकही विधान टिकत नाही.

‘मोजल्याशिवाय तुलना नाही’ या म्हणण्यात क्रमच उलटा लागला आहे. मोजणे म्हणजेच ठरवून घेतलेल्या एका लांबीशी तुलना करणे. 1889 पासून 1960 पर्यंत तर मीटर म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दांड्यावरील दोन रेघांमधले अंतरच होते. इसवी सनपूर्व 300 च्या सुमारास युक्लिडने मोठ्या रेषाखंडातून लहान रेषाखंडाएवढा भाग कापून घेण्याची रचना दिली, तिच्यात एकही संख्या येत नाही. वहीवरही तेच करता येते. कख आणि गघ या रेषाखंडांची तुलना करायची आहे असे समजू. कर्कटकाची टोके क आणि ख वर ठेवावीत, अंतर न बदलता एक टोक ग वर आणावे आणि दुसरे गघ च्या दिशेत ठेवावे. दुसरे टोक घ च्या अलीकडे पडले तर गघ मोठा, पलीकडे गेले तर लहान, घ वरच आले तर दोन्ही एकरूप.

पट्टीने हेच ठरवताना प्रत्येक रेषाखंडाची दोन्ही टोके वाचावी लागतात, तिरके पाहिले तर पट्टीच्या जाडीमुळे खूण सरकलेली दिसते, आणि पट्टीची कड म्हणजेच शून्य समजण्याची चूक मुलांकडून नेहमी होते. दोन्ही रेषाखंड 48 मिलिमीटर वाचले गेले तरी एक 47.6 आणि दुसरा 48.4 असू शकतो. सुताराला फळीची लांबी कळवायची असेल तर अर्थातच संख्या लागते, आणि तिथे पट्टीला पर्याय नाही.

खरी गफलत बारीक पट्टीवरच्या विश्वासात आहे. 10 सेंटीमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण 14.1 च्या किंचित पुढे येतो. मिलिमीटरचे शंभर किंवा हजार भाग केले तरी तो कोणत्याही खुणेवर येत नाही. बाजू आणि कर्ण या दोहोंना निःशेष, म्हणजे बाकी न उरता, मोजणारे एखादे लहान माप आहे असे मानू. ते माप त्यांच्या फरकालाही, म्हणजे सुमारे 4.14 ला, निःशेष मोजेल, आणि बाजूतून हा फरक काढल्यावर उरणाऱ्या सुमारे 5.86 लाही. पण हे दोन रेषाखंड म्हणजे पुन्हा एका लहान चौरसाची बाजू आणि कर्णच! हीच कृती करत गेल्यास प्रत्येक चौरस आधीच्याच्या निम्म्याहून लहान होतो, आणि केव्हातरी मानलेल्या मापाहूनही छोटी बाजू उरते, जिला ते माप निःशेष मोजूच शकत नाही. यज्ञवेदींच्या रचनेची भूमिती सांगणाऱ्या प्राचीन बौधायन शुल्बसूत्रातील कर्णाचे माप 1 मीटर बाजूला जेमतेम 0.002 मिलिमीटरने जास्त येते, हे खरोखर थक्क करणारे आहे. तरीही ते आसन्न, म्हणजे जवळपासचे, मापच. कर्कटकाची टोके बोथट असतील, हातही हलेल, पण कर्ण उचलून दुसरीकडे ठेवण्याच्या त्याच्या कृतीला या संख्येची गरजच पडत नाही.

नजरेबद्दल फार लिहायला नको. टोकांना बाहेर उघडणाऱ्या तिरप्या रेघा जोडलेला रेषाखंड आत वळलेल्या रेघांच्या तेवढ्याच रेषाखंडापेक्षा स्पष्टपणे मोठा वाटतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ म्युलर-लायर यांनी 1889 मध्येच दाखवले, आणि कर्कटकाने दोन्ही एकरूप असल्याची खात्री करून घेतल्यावरही तो भास जात नाही.