धूर डोंगरातून येतो की आपल्याच शिवारातून?

मार्च लागला की आमच्या चोपड्याकडून सातपुडा पुसटच होऊन जातो. मागच्या होळीनंतर आजी अंगणात खोकत विचारत होती, "हाऊ धूर कोठेन ई ऱ्हायना रे भाऊ?" आणि त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, की पाड्यावरच्या लोकांनी मोहासाठी जंगल पेटवलं.

मी मोबाईलवर नासाचा फर्म्स नकाशा उघडला, कुठं आग लागलीय ते दाखवणारा, फुकट आहे, कोणीही बघू शकतं. उपग्रहावरचा सेन्सर जमिनीची उष्णता बघतो, आजूबाजूपेक्षा एखादा तुकडा फार तापलेला दिसला की तिथं लाल ठिपका. डोंगरात ठिपके होतेच, खोटं कशाला बोलू, मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि कधीकधी आग हाताबाहेर जाते. पण खाली तापीकडच्या सपाटीवरही ठिपके होते, आणि तिथं कुठलं आलं जंगल? तिथं आपली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावरची वाळलेली झाडं, आणि गव्हाचं काड.

बरं, उपग्रहांवरच्या त्या सेन्सरचं नाव व्हिअर्स, त्याचा एक ठिपका म्हणजे ३७५ मीटर बाय ३७५ मीटरचा चौकोन, जवळपास ३५ एकर! आग त्यात कुठंतरी एका कोपऱ्यात असेल. वनहद्दीला लागून ठिपका पडला तर तो जंगलातला की बांधावरचा हेच सांगता येत नाही, मग काडी कोणी लावली ते तर लांबच. ठिपका दाखवून पाड्यावरच्या माणसाला आरोपी करू नका, हात जोडून सांगतो.

आणि हे उपग्रह आपल्यावरून जातात दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास. आपण पऱ्हाटी पेटवतो दिवस मावळताना, वारा पडल्यावर, दहापर्यंत राख. त्या आठवड्यात आमच्याही वावरात पेटवली होती, मी नकाशावर शोधली तर ठिपका नाही, काहीच नाही. धूर मात्र आजीच्या छातीत होता. ते बघून मला फार वाईट वाटलं.

पऱ्हाटी उभी ठेवता येत नाही, गुलाबी बोंडअळी राहते तिच्यात, हे मान्य, मीपण शेतकरीच आहे. पण श्रेडरनं बारीक करून जमिनीत गाडता येते ना! भाडं एकट्याला जड जातं म्हणून यंदा बांधाला बांध असलेल्या आम्ही चौघांनी मिळून मशीन बोलावलंय, परवा येतंय. शेजारच्या शिवारात कोणाला पाहिजे असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, तसंच तिकडं पाठवतो.