अडीच टक्क्यांचे उपकार

बचत खात्यात लाखभर रुपये, व्याज अडीच टक्के. म्हणजे महिन्याला २०८ रुपये! इंदूरच्या छप्पन दुकानवर घरचे चौघं खायला गेलो तर तेवढ्यात भागत नाही. २०११ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बचत खात्याचा दर ठरवायची मोकळीक दिली, ती यासाठी?

दुसऱ्या बँकेकडे बघावं तर फलकावर ठळक ‘सात टक्के’, आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरांत: पाच लाखांवरच्या रकमेलाच. आमच्या लाखाला तीन. घ्या!

मागे एकदा हौसेने खातं बदललं. पुन्हा केवायसी, पुन्हा फोटो, विमा नि एसआयपीचे हप्ते आपोआप कापायचे नवे मँडेट. सहा महिन्यांत तिथलाही दर घसरला. रामबागेतली मावशी म्हणते, ‘एफडी कर.’ अगं, अडीनडीला मोडली की त्यावरही दंड!