ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी खोलता येत नाही म्हणे!

जुन्या अमेरिकन गाड्यांचा नाद असलेल्या इकडच्या मराठी मंडळींत सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय, आणि मला तो इतक्या जणांनी पाठवलाय की एकदाच सविस्तर उत्तर लिहून ठेवलेलं बरं. त्यात काय म्हटलंय ते आधी सांगतो. एक, ऑटोमॅटिक ट्रान्समिशन घरच्या गराजमध्ये खोलूच नका, त्याला कंपनीची मशिनं आणि कॉम्प्युटर लागतो. दोन, जुन्या बॉक्सचं तेल बदललं की तो बसतो, म्हणून तेलाला हात लावू नका. तीन, स्लिप व्हायला लागला (इंजिन फिरतं, पण गाडी तितकी ओढत नाही) की बाटलीतलं औषध टाका, सगळं आपोआप बरं होतं. चार, तरी कुणी खोललाच तर ओव्हरहॉल किट टाका, बंद करा, नव्यासारखा होतो. आणि पाच, या सगळ्या कटकटीपेक्षा गाडी मॅन्युअल करून घेणं स्वस्त. पहिला आणि चौथा मुद्दा एकमेकांनाच खोडून काढतात, पण फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कोण विचारणार.

मी बोलतोय ते मुख्यतः जीएमच्या (जनरल मोटर्स) टर्बो हायड्रामॅटिक ३५० बद्दल, म्हणजे टीएच३५०. १९६९ च्या मॉडेलपासून हा नोव्हा, कमारो, शेवेल, इम्पाला, पिकअप अशा शेव्हरलेच्या गाड्यांत सर्रास यायला लागला आणि जुन्या टू-स्पीड पॉवरग्लाइडची जागा त्याने घेतली. तीन गिअर, २.५२, १.५२ आणि डायरेक्ट, म्हणजे एकास एक. माझ्या नोव्हात हाच आहे, आणि सत्तरच्या दशकातली शेव्हरले ऑटोमॅटिक घ्याल तर बहुतेक तुमच्या गाडीतही हाच निघेल.

आता कॉम्प्युटरचं. अहो, या बॉक्समध्ये सेन्सर नाही, सोलेनॉइड नाही, काही नाही (लॉकअपवाला ३५०सी नंतर आला, त्यात वायर आहे, पण तो वेगळा विषय). गिअर कधी बदलायचा हे त्याला तीनच ठिकाणांहून कळतं. मागच्या शाफ्टवर फिरणारा गव्हर्नर गाडीचा वेग सांगतो, इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणारा मॉड्युलेटर लोड सांगतो, आणि अ‍ॅक्सिलरेटरला जोडलेली केबल पाय खाली गेला की किकडाऊन देते, म्हणजे खालचा गिअर पाडते. बाकी सगळं तेलाचं प्रेशर आणि स्प्रिंगची ओढाताण. हल्लीचे आठ-आठ गिअरचे बॉक्स घेतलेत तर फॉरवर्ड बरोबर आहे, त्यात कंट्रोल युनिट बऱ्याचदा बॉक्सच्या आतच असतं, काम झाल्यावर स्कॅन टूल लावून अ‍ॅडाप्टेशन करावं लागतं, तिथे घरी हात घालू नका हे मीही म्हणेन. पण आजच्या बॉक्सचा नियम पन्नास वर्षांपूर्वीच्या बॉक्सला लावायचा याला काय अर्थ आहे.

मशिनांचंही तेच. लागतं काय, तर चांगला सर्कलिप प्लायर, इंच-पाउंडवाला टॉर्क रेंच, फिलर गेज, एंडप्ले (शाफ्ट पुढेमागे किती हलतो ते) बघायला डायल गेज, छोटा हवेचा कॉम्प्रेसर, आणि ड्रममधल्या, म्हणजे क्लच प्लेटा बसतात त्या डब्यांमधल्या, स्प्रिंगा दाबायला एक स्प्रिंग कॉम्प्रेसर जो थ्रेडेड रॉड आणि दोन पट्ट्यांतून घरी बनतो. पंप बाहेर ओढायला त्यातच दोन आटे पाडलेली भोकं आहेत, स्लाइड हॅमर लावा. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो, आणि तो घ्याच, कारण खरा धोका फॉरवर्डमध्ये लिहिलेलाच नाहीये. हा बॉक्स कोरडा असताना ५५ किलोच्या आसपास भरतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून बॉक्सला पोचवणारा गोल डबा) आणि आत उरलेलं तेल वेगळं, आणि तुम्ही त्याच्या खाली पाठीवर झोपलेले असता. गाडी काँक्रीटच्या ब्लॉकवर ठेवून हे काम करणारे लोक मी बघितलेत, त्यांना कॉम्प्युटरची नाही, कुणीतरी ओरडण्याची गरज आहे. स्टँड वापरा, चार वापरा, आणि स्प्रिंग सोडताना डोळ्यांवर चष्मा.

तेल बदललं की बॉक्स बसतो, हा या फॉरवर्डमधला सगळ्यात लाडका मुद्दा, प्रत्येकाचा एक काका असतो ज्याच्या गाडीचं असं झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय. तेल लोक कधी बदलतात, तर बॉक्स आधीच स्लिप व्हायला लागल्यावर, तेल काळपट आणि जळक्या वासाचं झाल्यावर. म्हणजे क्लच प्लेटांचं अस्तर आधीच जळून तेलात उतरलेलं असतं आणि ती गाळ असलेली रबडीच थोडीफार पकड देत असते. नवीन तेल टाकलं की ती पकड जाते आणि बॉक्स आठवड्याभरात हात टेकतो, मग बिल नव्या तेलाच्या नावावर फाडायचं. ज्या बॉक्सचं तेल अजून लालसर आहे त्याला नवीन तेलाने काही होत नाही, उलट ते वेळेवर बदललं असतं तर ही वेळच आली नसती. आणि हेही लक्षात घ्या की पॅन (बॉक्सच्या खालचं तेलाचं भांडं) काढला तरी निम्म्याहून कमी तेल बाहेर येतं, बाकी कन्व्हर्टरमध्येच राहतं, त्यामुळे तुम्ही ‘सगळं’ बदललेलंच नसतं.

तेल तपासण्यातही लोक घोळ घालतात. जीएमचा बॉक्स गरम करून, इंजिन चालू ठेवून, पार्कमध्ये बघायचा. क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट मात्र न्यूट्रलमध्ये. थंड इंजिन बंद ठेवून काडी (डिपस्टिक) बघितली की तेल जास्तच दिसणार, कारण कन्व्हर्टरमधलं खाली उतरलेलं असतं.

बाटलीबद्दल फार बोलायला नको. त्यात काय असतं, तर रबर फुगवणारं रसायन. पन्नास वर्षांत कडक झालेलं सील जरा मऊ होतं, गळती काही महिने थांबते, थंडीत रिव्हर्स पडायला लागणारा वेळ कमी होतो, इतपत खरं आहे. जळालेल्या प्लेटवर अस्तर उगवत नाही. म्हशीला रोग आणि पखालीला इंजेक्शन.

पण इथे खरा राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाटली टाका म्हणणारे आणि सरळ खोला म्हणणारे, दोघंही बॉक्सला काय झालंय हे विचारतच नाहीत. टीएच३५० स्वतःच सांगतो हो, ऐकायचं ठरवलं तर. थर्ड आणि रिव्हर्स दोन्ही नाही, पण पुढचे पहिले दोन गिअर ठीक? डायरेक्ट क्लच, कारण तो या दोनच ठिकाणी लागतो. रिव्हर्स नाही आणि शिवाय लिव्हर लो मध्ये टाकून पाय काढल्यावर इंजिन ब्रेकिंगही नाही, पण डी मध्ये गाडी नीट निघते? मग लो-रिव्हर्स क्लच. पुढचा कुठलाच गिअर नाही, रिव्हर्स मात्र आहे? फॉरवर्ड क्लचकडे बघा. म्हणजे बॉक्स उतरवायच्या आधीच कुठला ड्रम खराब आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

आणि बऱ्याचदा उतरवायचीच गरज नसते. गाडी पहिल्याच गिअरमध्ये राहते, वर जातच नाही, तर आधी डाव्या बाजूला मागे तारेच्या क्लिपने धरलेलं गोल झाकण काढा, आतला गव्हर्नर हातात येतो, त्याचं प्लॅस्टिकचं गिअर चक्क झिजून गुळगुळीत झालेलं असतं. गिअर उशिरा आणि धाडकन पडतायत तर मॉड्युलेटरकडे जाणारी रबरी नळी बघा, चिरलेली असते. एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतोय, तेल कमी होतंय पण खाली थेंब नाही, तर नळी मॉड्युलेटरवरून उपसून आत बोट घाला. बोट लाल तेलाने ओलं झालं तर मॉड्युलेटरचा पडदा फाटलाय आणि इंजिन ट्रान्समिशनचं तेल पितंय. पार्ट एका जेवणाच्या पैशात येतो, बोल्ट एक. या असल्या गाडीचा बॉक्स ‘गेला’ म्हणून नवीन बसवून घेतलेले लोक आहेत, कुठल्या दुकानात ते लिहीत नाही.

आता किट टाका आणि बंद करा. हा मुद्दा खोलूच नका पेक्षा जास्त नुकसान करतो, कारण यावर विश्वास ठेवणारा माणूस खरंच खोलतो. दीडशे-दोनशे डॉलरच्या घरातल्या किटमध्ये येतं काय, तर गास्केटं, सीलं, ओ-रिंग, अस्तराच्या प्लेटा, कधीकधी स्टीलच्या प्लेटा. बुशिंगं, थ्रस्ट वॉशर, रोलर क्लच, मॉड्युलेटर हे बहुतेक नसतंच. आणि ३५० ची जगजाहीर कमजोर जागा म्हणजे डायरेक्ट ड्रमवरचा इंटरमिजिएट रोलर क्लच (एकाच दिशेला फिरू देणारा), त्याची रेस, म्हणजे रोलर ज्यावर फिरतात ती कडी, हाताने फिरवून बघा, नख फिरवा, रोलरचे खड्डे नखाला लागले तर ती रेस बाद, कितीही महागाचं किट टाका.

त्यात परत सीलं बसवणं. ड्रममधल्या पिस्टनला जी ओठवाली सीलं असतात त्यांचा ओठ तेलाच्या प्रेशरकडे तोंड करून बसला पाहिजे, आणि पिस्टन आत ढकलताना तो कुठेही दुमडता कामा नये. घरी ओव्हरहॉल केलेला बॉक्स परत खोलायची वेळ येते ती बहुतेक इथेच. यासाठी विकतचं हत्यार मिळतं पण पियानोच्या बारीक तारेचा छोटा लूप करून तांब्याच्या नळीत दाबला की काम झालं. सीलला तेल लावायचं, पिस्टन किंचित तिरका धरून टेकवायचा, तारेच्या लूपने ओठ आत सारत सारत ड्रमच्या कडेने पूर्ण गोल फिरायचं, घाई केली की ओठ उलटा. बसला की पिस्टन हाताने गोल फिरतो, अडकल्यासारखा वाटला तर बाहेर काढून परत बघायचं. मग अस्तराच्या प्लेटा, ज्या आधी निदान अर्धा तास तेलात बुडवून ठेवलेल्या असतात, स्टीलच्या प्लेटांसोबत एकाआड एक भरायच्या आणि फिलर गेजने फट मोजायची, ढोबळ हिशेब अस्तराच्या एका प्लेटमागे दहा थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). शेवटी ड्रमच्या तेलाच्या भोकात ३०-४० पीएसआय हवा मारायची. स्वच्छ ठक् आवाज येऊन पॅक दाबला गेला आणि हवा धरून राहिली तर पुढे जा. फुस्स झालं तर सील गेलंय, आणि हे टेबलावर कळणं चांगलं की बॉक्स गाडीत चढवल्यावर, तुम्हीच सांगा. फॉरवर्डमध्ये हवेच्या टेस्टचा उल्लेखसुद्धा नाही.

व्हॉल्व्ह बॉडीला, म्हणजे तेल कुठल्या क्लचला जायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्याला, लोक उगाच घाबरतात. खाली उतरवताना वरच्या पॅसेजमधल्या स्टीलच्या छोट्या गोळ्या टपाटप पडतात, म्हणून आधी कुठली कुठे हे मॅन्युअलच्या चित्रावर बघून ठेवा आणि बसवताना व्हॅसलीनने चिकटवा. साधं व्हॅसलीनच, कारण ते तेलात विरघळतं, चेसिसचं ग्रीस विरघळत नाही आणि फिल्टर चोक करतं. व्हॉल्व्ह धुतल्यावर स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे, नाही सरकला तर पॉलिश पेपर घेऊन बोअर घासू नका. आणि कॉटन वेस्ट टेबलाच्या जवळपासही नको, एक धागा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

किटवाल्यांचं अजून एक राहिलं, कन्व्हर्टर आणि कूलर. कन्व्हर्टर वेल्ड केलेला असतो, आतून धुता येत नाही, जळालेल्या बॉक्सचा कन्व्हर्टर ‘फ्लश’ करून परत लावणं म्हणजे जुना गाळ नव्या प्लेटांवर ओतणं. कापून साफ करणाऱ्याकडे द्या नाहीतर बदला. रेडिएटरमधला कूलर आणि त्याच्या नळ्याही तशाच, तेलात जे गेलं ते तिथेही गेलंय. आणि कन्व्हर्टर बसवताना तो टप्प्याटप्प्याने आत जातो, इनपुट शाफ्ट, स्टेटर, मग पंप, प्रत्येक वेळी हाताला धक्का जाणवतो. बॉक्स इंजिनला लावल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनच्या मागची पातळ चकती, जिला कन्व्हर्टर बोल्ट होतो) साधारण १/८ ते ३/१६ इंच मागे असला पाहिजे. फट नसेल तर बोल्ट आवळून ओढू नका, पंप तुटतो, आणि मग लोक म्हणतात किट खराब होतं.

राहिलं मॅन्युअल करणं. क्लचचं पेडल असेंब्ली, लिंकेज, बेलहाउसिंग, फ्लेक्सप्लेटच्या जागी फ्लायव्हील, क्लच, स्वतः गिअरबॉक्स, गाडीच्या फरशीतल्या बोगद्यात शिफ्टरसाठी भोक, आणि ऑटोमॅटिक गाडीच्या क्रँकला पायलट बुशिंगची (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं पुढचं टोक धरणारं) जागा नीट मशिन केलेली आहे की नाही हे इंजिन बघितल्याशिवाय कळत नाही. हौस असेल तर जरूर करा, मजा येते. पण स्वस्त म्हणून कुणी सांगत असेल तर त्याला आधी नोव्हाच्या नुसत्या पेडल असेंब्लीचा भाव विचारायला सांगा, आणि त्यात फ्लायव्हील, क्लच, गिअरबॉक्सचे पैसे मिळवून मग किटच्या शेजारी मांडायला सांगा.