फासावर फास

साडेचार. पहाटेचे. अंधार, दातात टॉर्च, आणि मी धक्क्यावर ओणवा. खुंट्यावर माझ्या दोराचा फास, आणि त्यावर तिसऱ्याच कुणाचा तरी मनगटाएवढा जाड फास, गच्च बसलेला.

असा बसलेला की बोटही शिरेना. त्याची होडी माझ्या दुप्पट. ओहोटी लागलेली, प्रवाहाने ती खेचली गेलेली, दोर गजासारखा ताठ. एका माणसाने ती ओढून दोर सैल करावा? मी प्रयत्न केला. कमरेत कळ आली, होडी वीतभरही हलली नाही. मालकाचा पत्ता नाही, फोन नंबर कुठे लिहिलेला नाही, होडीवर फक्त एक झोपलेलं कुत्रं. तेही उठलं नाही.

अरे, खालून वर! एवढंच! खुंट्यावर आधीच कुणाचा फास असेल तर आपला फास त्याच्या फासातून खालून वर काढायचा आणि मग खुंट्यात टाकायचा. पाच सेकंदांचं काम. मग कुणीही आधी सुटो, दुसऱ्याचं अडत नाही. यात ना ताकद लागते ना अक्कल, फक्त जगात आपल्याखेरीज आणखी एक होडी असू शकते एवढी कल्पना लागते. तीच नाही. वरून दिला टाकून, गेला घरी, झोपला ढाराढूर.

आणि वेळ कुठली? नुकती लागलेली ओहोटी. पहिल्या तासात पाणी उतरतंय असं वाटतही नाही, जेमतेम बारावा हिस्सा जातो. खरी पळापळ तिसऱ्या-चौथ्या तासात, निम्मं पाणी त्या दोन तासांत निघून जातं. मला त्याआधी बाहेर पडायचं होतं, नाहीतर खाडीच्या तोंडाशी वाळू वर येते आणि मग बसा पुढच्या भरतीची वाट बघत. हे सगळं हिशेबात धरून मी साडेतीनचा गजर लावला होता. साडेतीनचा! आणि अडवलं कुणी? एका फासाने.

पंधरा मिनिटं मी नुसता बडबडत होतो. या बडबडीत सगळे जुने हिशेब निघाले. ते खुंट्याला दोराचे वीस वेढे मारणारे, वर सात गाठी, आणि शेवटी उरलेला दोर असाच वाटेत पसरलेला, कुणीतरी पाय अडकून पाण्यात जावं म्हणूनच जणू. ते निळ्या, खरखरीत, स्वस्त दोरवाले. उन्हात दोन हंगामांत ज्याचा भुसा होतो, त्याच्यावर होडी सोडून निघून जातात, आणि तुटली की येते ती माझ्याच अंगावर. ते भरतीच्या वेळी आखूड दोर बांधून जाणारे. पाणी उतरलं की होडी फाशी दिल्यासारखी लटकते, एक बाजू वर, एक बाजू खाली, आतलं सगळं सामान एका कोपऱ्यात. मग मी, हो मीच, दुसऱ्याचा दोर सैल करत बसतो, आणि तो येऊन विचारतो, "दादा, माझ्या दोराला हात कुणी लावला?"

आणि बघे! बघ्यांबद्दल तर बोलायलाच नको. वारा तिरका, मी एका हाताने सुकाणू, एका हाताने दोर, आणि धक्क्यावर चौघे खिशात हात घालून. "डावीकडे! डावीकडे घ्या!" अहो काका, डावीकडे तुमचेच पाय आहेत, जरा सरका. आणि चुकून एखाद्याने दोर झेललाच, तर लगेच रस्सीखेच सुरू. नुसता खुंट्यात टाक, बाबा, मी होडीतून सैल सोडतो, मी थांबवतो. छे. त्याला बैल ओढायचाय. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, धाडकन धक्क्यावर, रंगाचा पापुद्रा पाण्यात, आणि वर हसून, "आली की नाही जवळ?"

आणखी एक. भरधाव होडी नेणारे. त्यांच्या लाटेने सगळा धक्का डोलतो, दोर ताणतात, खांबाला चिकटलेल्या धारदार शिंपल्या दोर करवतीसारखा कापतात. म्हणून मी जुन्या पाइपाचे तुकडे दोरावर चढवून ठेवलेत. लोक हसतात. हसोत.

तर, असा मी शिव्यांची माळ ओवत बसलो होतो. शेजारच्या होडीवर एक मुलगा जाळी घडी करत होता. असेल पंधरा-सोळाचा. बराच वेळ ऐकून घेतलं त्याने. मग म्हणाला, "काका, होडीकडचं टोक सोडा की."

मी गप्प.

सोडायचंच की! होडीवरचं टोक सोडायचं, फास राहू द्यायचा खुंट्यावर, संध्याकाळी येऊन काढायचा. पंधरा मिनिटं मी त्या फासाशी झुंजत होतो, आणि हातभर अंतरावरचं दुसरं टोक मोकळंच होतं. मोकळं म्हणजे, तसं मोकळं नव्हतं. काल येताना जरा चिडलो होतो, कशावर ते आता आठवत नाही, आणि त्या तिरमिरीत होडीकडच्या टोकाला मी वेढे मारले होते. किती? मोजले नाहीत. वर एक गाठ, तिच्यावर आणखी एक. रात्रभर ओला झालेला नायलॉन, त्यावर ओढ. म्हणजे इतकी वर्षं सुरगाठीवर प्रवचन झोडणाऱ्या माणसाच्या होडीवर अस्सल, दगडी निरगाठ. दातांनीही सुटेना. मुलगा पुन्हा काही बोलला नाही. हेच जास्त लागलं.

मग चाकू. दहा मिलिमीटरचा नवा दोर, गेल्याच महिन्यात आणलेला. धक्क्यावर उभं राहून, खुंट्यापासून दोन हात सोडून, कचकन कापला. आणि तेव्हा लक्षात आलं की मागचा दोर मी सगळ्यात आधीच सोडून ठेवला होता. होडी निघाली. मी धक्क्यावर, होडी पाण्यात, आणि दोराचं कापलेलं टोक माझ्या मुठीत, एवढंच नशीब. कुत्रं तेवढं आता उठून बसलं आणि बघायला लागलं.

ओढून आणली. चढलो. वाळूवरून थोडक्यात निघालो, तळ घासल्याचा आवाज आला, तो ऐकलाच नाही असं मी ठरवलं.

संध्याकाळी परत आलो तर मालक हजर. मोठा हसतमुख माणूस, नमस्कार वगैरे. माझा दोन हातांचा तुकडा अजून खुंट्यावरच, त्याच्या फासाखाली. त्याने पायाने तो ढकलला आणि मला म्हणाला, "दादा, बघा ना, लोक कसे दोराचे तुकडे टाकून जातात."