ते पॅनेल तेवढं फ्रीमध्ये टाका ना!

सकाळी सकाळी डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

पुण्यात बाणेरच्या एका फ्लॅटच्या इंटिरियरचं फायनल कोटेशन काल पाठवलं होतं. आज फ्लॅटवाल्या साहेबांचा फोन. इटालियन मार्बलच्या आकड्यावर चकार शब्द नाही. किचनच्या इम्पोर्टेड बिजागऱ्या, सॉफ्ट क्लोज चॅनेल, सगळं मंजूर. गाडी अडली ती शेवटून दुसऱ्या ओळीवर. लिव्हिंगच्या भिंतीसाठी मिक्स्ड मीडिया पॅनेल, म्हणजे वेगवेगळं सामान बोर्डवर बसवून मी हाताने केलेलं चित्र, सहा फूट बाय तीन. "मॅडम, हे तुम्ही साइटवरच्या शिल्लक मालातूनच करता ना? मग त्याचे वेगळे पैसे कसले? हे तेवढं कॉम्प्लिमेंटरी टाका."

हो, वापरते मी शिल्लक माल. व्हिनियरच्या पट्ट्या, पीओपीची जाळी, ग्रॅनाइट कापताना उडालेली भुकटी, काहीही. गोधडी जुन्या लुगड्यांचीच असते, म्हणून शिवणारीला टाके फुकट घाल म्हणायचं का?

आणि गंमत म्हणजे साहेबांना जे पॅनेल "सेम टू सेम" हवंय ते त्यांनी बघितलंय कुठे, तर आमच्या बाईंकडे. बाई म्हणजे एक निवृत्त शिक्षिका. शनिवार पेठेतला त्यांचा वाडा बिल्डरकडे गेला आणि त्या जागी वन बीएचके मिळाला. त्याचं काम मी केलं. बजेट म्हणाल तर अगदी बेताचं, साधं लॅमिनेट, मार्बल वगैरे नावालाही नाही. पहिल्याच मीटिंगला त्यांनी कॉटखालून एक पोतं ओढलं. आत वाड्याच्या कड्या, कोयंडे, महिरपीचा एक तुटका तुकडा, तावदानांच्या निळ्या-पिवळ्या काचा आणि सासऱ्यांच्या मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्या. म्हणाल्या, "याचं काहीतरी कर. आणि हे बघ, याचं मोल वेगळं सांग हं. घराच्या हिशेबात घालू नकोस."

पेन्शनमधून हप्त्याने दिले त्यांनी. वेगळ्या पाकिटात घालून.

साहेबांना हे सांगावंसं वाटलं होतं, पण सांगून काय उपयोग. त्यांचं पुढचं वाक्य तयारच होतं, "आमच्याकडे जुनं काही नाहीये, तुम्ही जुन्या बाजारातून उचला ना." उचलीन की. बुधवारी आणि रविवारी भरतोच बाजार. पण मग कुणाच्या तरी घराची कडी तुमच्या भिंतीवर, आणि पाहुण्यांना सांगणार "आमच्या गावच्या घराची". असो. त्यांचं घर, त्यांची भिंत. तिथे काय लावायचं हा त्यांचा अधिकार, हे मी कधीच नाकारलेलं नाही.

राग फक्त क्लायंटवर आहे असंही नाही. दुसरी बाजू त्याहून वाईट. गॅलरीवाल्या मंडळींना माझं व्हिजिटिंग कार्ड दिलं की 'इंटिरियर' हा शब्द वाचून चेहऱ्यावर जे येतं ते मी कित्येक वर्षं बघतेय. एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला निवेदकाने माझी ओळख "व्यवसायाने इंटिरियर डिझायनर, छंद म्हणून कलाकार" अशी करून दिली. छंद! वर एक ज्येष्ठ चित्रकार गालातल्या गालात हसत म्हणाले, "सोफ्याला मॅच होतं का हो तुमचं चित्र?" होतं कधीकधी. भिंतीसमोर मोरपंखी सोफा येणार हे माहीत असेल तर मी त्याचा विचार करते, त्यात लाजायचं काय? म्हणजे क्लायंटच्या लेखी मी फुकट चित्र देणारी डिझायनर आणि गॅलरीच्या लेखी पडदे लावणारी बाई. वर सल्ला, दोन्ही डगरींवर हात ठेवू नका, एक काहीतरी धरा.

अरे पण मोठी माणसं काय करत होती? चित्रकार एम. एफ. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे, नंतर मुलांचं फर्निचर आणि लाकडी खेळणी डिझाइन करायचे. चित्रकार प्रभाकर बरवे आपल्या नागावचे, जे.जे.त शिकलेले. 1961 पासून वीसेक वर्षं त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, हातमागाच्या कापडांची डिझाइन्स केली. त्याच नोकरीपायी बनारसला राहिले आणि तिथे पाहिलेल्या तंत्रसाधनेतल्या आकृत्या त्यांच्या चित्रांत उतरल्या. कॅनव्हासवर इनॅमल पेंट वापरायचे. आपण खिडक्यांच्या गजांना मारतो तोच! दशरथ पटेल तर चित्र, मातीची भांडी, फोटोग्राफी, प्रदर्शनांची मांडणी, काय वाटेल ते करायचे, आणि अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेच्या उभारणीत सुरुवातीपासून होते. त्यांना कुठल्या खणात टाकायचं हे लोकांना शेवटपर्यंत कळलं नाही. पद्मभूषण मिळालं 2011 मध्ये, ते गेल्यावर.

मी स्वतःची तुलना यांच्याशी करत नाहीये. कमेंटमध्ये लगेच टोचायला येऊ नका. म्हणणं एवढंच की साइट आणि स्टुडिओ यांच्यात भिंत नसते. बाईंच्या पॅनेलचंच घ्या. बोर्ड कापून झाला तेव्हा आमचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, एक साइड पे इतना माल चढाओगे तो बेंड मारेगा." मग मागून सागाच्या पट्ट्यांची फ्रेम ठोकली आणि पाठीलाही प्रायमरचे हात दिले. हे मला कुठल्या कॅनव्हासने शिकवलं नसतं. पितळी कडी नुसत्या फेव्हिकॉलवर टिकत नाही, तिला अरल्डाइट आणि मागून स्क्रू. मोडीच्या पानांना मात्र फेव्हिकॉल लावायची माझी हिंमत झाली नाही. एकदा लावला की ते पान जन्मात सुटत नाही. मैद्याची पातळ खळ केली, पान उलटं ठेवलं, त्याच्या पाठीला पातळ जपानी कागद लावला आणि मऊ ब्रशने मधून कडेकडे सारत नेलं. एका पानावर 'तूप' आणि शेजारी आकडा होता. बाईंनीच वाचून दाखवलं, त्यांना मोडी येते. मग म्हणाल्या, "हे पान खाली लाव, माझ्या उंचीला."

आता हे कोटेशनमध्ये कुठल्या कॉलममध्ये लिहू? चौरस फुटात, की रनिंग फुटात?

(चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.)

होमी भाभांनी टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेच्या बजेटमधला एक टक्का चित्रांसाठी मागून घेतला होता. वेगळा काढून. कुलाब्याला तिथल्या प्रवेशदालनात हुसेनचं म्युरल आहे, जवळपास 45 फूट लांब. ते काही फॉल्स सीलिंगवर फ्री मिळालेलं नाही. आणि एवढं लांब तरी कशाला जायचं, आपल्या जीएसटीवाल्यांनासुद्धा फरक कळतो. माझ्या डिझाइनच्या फीवर 18 टक्के, हाताने केलेल्या चित्राला-कोलाजला त्याहून कमी दर. सरकारला कळतं ते बाणेरला कळत नाही.

हां, एक गोष्ट आहे. लोकांना ही सवय लावली कुणी? आमच्यातल्याच लोकांनी. काम मिळावं म्हणून "वॉल आर्ट कॉम्प्लिमेंटरी" असं प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडवर टाकणारे महाभाग ढिगाने आहेत. ऑनलाइन मागवलेलं प्रिंट फ्रेम करून द्यायचं आणि त्याला आर्ट म्हणायचं. क्लायंट बिचारा काय करणार, त्याने आधीच्या तीन कोटेशनमध्ये फुकट पाहिलेलं असतं.

माझ्याकडे काम करणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवसापासून सांगते, चित्र केलंत तर त्याचं बिल वेगळं, सही तुमची, पैसेही तुमचे. ऑफिसच्या नावावर जाणार नाही. त्यातल्या एकीच्या आईने मला विचारलं, "मॅडम, हिने नक्की काय करायचं, इंटिरियर की आर्ट?" मी म्हटलं, आधी तिला मिस्त्रीकडून रंधा मारायला शिकू द्या, मग बोलू.

तर धंद्यातल्या मित्रमैत्रिणींनो, तो 'कॉम्प्लिमेंटरी' शब्द निदान पुण्यात तरी बंद करा. कमी घ्या, उधार द्या, बाईंसारखी माणसं असतील तर हप्ते करून द्या, पण ओळ वेगळी लिहा. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी कृपया या पोस्टला बदाम टाकू नये.